मलावीचा पस्ताना

बागूल काकूंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "तुमचं गठुडं अजून आमच्याकडेच शे," काकू म्हणाल्या. कालपरवा विसरलेला डबा न्यायला सांगावं तसा आवाज. "घर पाडताहेत आता. एकदा येऊन बघ, आणि मायलेकी काय ते ठरवा."

काय ते ठरवा. ठरवावं लागू नये म्हणून तर आम्ही इतकी वर्षं त्या गाठोड्याचं नाव काढत नव्हतो.

काकू म्हणजे आईच्या जुन्या शेजारीण. माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं, त्यामुळे माया दाटून आली की मराठीतून थेट अहिराणीत उतरतात. इंदिरानगरात आईच्या घराच्या तिरप्या कोपऱ्याला त्यांचं बैठं घर. लग्न होऊन मी नाशिकच्या दुसऱ्या टोकाला गेले, तरी काकूंकडे चप्पल कुठे काढायची हे पायांना पाठ आहे. त्या दिवशी नेमक्या त्याच जागी खोकी रचून ठेवली होती. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता आणि प्लॉट बिल्डरला दिला होता. भिंतींवर कॅलेंडरांचे फिकट चौकोन उरले होते. फळ्यांवरचे डबे गेले होते, पण काळ्या मसाल्याचा वास मात्र गेला नव्हता. देव्हारासुद्धा बांधून झाला होता. त्याच्या शेजारच्या कोनाड्यात लाल खणाचं मुठीएवढं गाठोडं तेवढं जागच्या जागी होतं. मी गाठ ओळखली. आईने मारलेली गाठ कुणाच्या बापाला सुटत नाही. लहानपणी परकराच्या नाडीपायी मी ते पुष्कळ भोगलंय.

ते गाठोडं म्हणजे आमचा पस्ताना. हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं. लांबच्या प्रवासाला निघायचा दिवस वाईट असला तर त्याआधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं काहीतरी, म्हणजे मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, वापरातलं कापड, असं बांधून जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. शास्त्राच्या हिशेबानं तुम्ही त्या दिवशीच निघालात. मग खरोखर निघताना ते उचलायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. आईबाबा असे निघाले तेव्हा मी नुकती कॉलेजात गेले होते. आता माझी मुलगी शाळेत जाते, आणि गाठोडं कोनाड्यातच होतं.

जायचं होतं मलावीला.

हे नाव आमच्या घरात आलं सुमा मावशीमुळे. आईची ही धाकटी बहीण. माझी आजी लवकर गेली, तेव्हा मावशी जेमतेम चालायला लागलेली. तिला वाढवली ती आईने. त्यांचं घर हरसूलला, आजोबा तिथे शाळामास्तर. बाजाराच्या दिवशी आई तिला पाठुंगळी मारून सगळा बाजार करायची आणि मावशी आईच्या वेणीचं टोक तोंडात धरून बसायची. एवढीशी होती, असं हातानं दाखवताना आईचा हात दर वर्षी आणखी खाली जायचा. पुढे मावशीचं लग्न जमवलंही आईनेच. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, निफाडकडे राहायला क्वार्टर. आमच्यात मुलगी द्यायची तर माहेरच्या बाईनं आधी घर बघायचं असतं: चूल कुठल्या अंगाला, पाणी कुठून, खिडकीतून काय दिसतं. निफाडच्या त्या खिडकीतून द्राक्षाचा मळा दिसत होता. आई प्रसन्न होऊन परत आली.

आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच मावशीच्या नवऱ्याला मलावीतल्या एका साखर कारखान्यात नोकरी लागली. आमच्याकडच्या ऊसपट्ट्यातली माणसं तेव्हा अशी आफ्रिकेत जायची. पण ती केनियात, युगांडात. मलावी हे नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. आई आठवडाभर धुमसत होती. "मी तिला निफाडला दिली होती," ती बाबांना सुनवायची, "मलावीला नाही." बाबांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, पण ऐकून घ्यायला घरात तेच होते.

मावशीचा फोन यायचा रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. तिकडे तेव्हा साडेसात. फोन मीच उचलायचे. विहिरीतून यावी तशी पोकळ खरखर ऐकू आली की पुढचं ऐकायचीही गरज नसायची; रिसीव्हर तसाच धरून मी ओरडायचे, "आई, मलावी!" की आई असेल तिथून ओले हात पदराला पुसत धावत यायची. तेव्हाच्या लाइनवर आपलाच आवाज उलटून ऐकू यायचा, त्यामुळे दोघी बहिणी एकमेकींच्या बोलण्यात बोलायच्या आणि स्वतःच्याही. आईचा आवाज असा काही चढायचा की बाबा पेपरामागून म्हणायचे, "फोन ठेव, तसंही ऐकू जाईल तिला."

मावशी सरोवराचं सांगायची. घरापासून चालत जावं एवढ्यावर सरोवर, पलीकडचा काठ दिसत नाही, किनाऱ्याला लाटा येतात आणि पाणी गोडं. आईला हे पटायचं नाही. तिच्या डोळ्यांसमोर गंगापूरचं धरण. "लाटा म्हणजे वाऱ्यानं पाणी हलतं तशाच ना?" ती विचारायची. मावशी हसायची. मग शेवग्याला शेंगा धरल्या, कढीपत्ता जगला, कामाला येणारी बाई मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवते तो आता आपल्यालाही आवडायला लागलाय, असं सगळं. त्यांच्या घरात एक खोली जास्तीची होती. तिला मावशी 'ताईची खोली' म्हणायची. तिथे अडगळ ठेवायची नाही असा तिचा नियम होता. नुसता पलंग, आणि त्याच्यावरची चादर ती दर रविवारी बदलायची. फोन ठेवतानाचं वाक्य ठरलेलं. "ताई, माझं घर माहेरच्या कुणी बघितलेलंच नाही गं."

हे वाक्य आईला फार लागायचं. रविवारच्या आमटीत हमखास मीठ जास्त पडायचं, आणि बाबा नि मी ती तशीच खायचो.

मग एका दिवाळीत ठरलं, की येत्या मे महिन्यात आईबाबांनी जायचंच. आणि ठरलं म्हणजे काय, पुढचे सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाबा ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. उभा जन्म विमानांना हात लावण्यात गेलेला, पण विमानात बसायचा योग आलेला नव्हता. त्यांना हे घरचं कार्यच वाटायला लागलं. माझा शाळेतला नकाशांचा ॲटलास त्यांनी जप्त केला. मलावीच्या पानावर त्यांच्या बोटांचे डाग पडले. कुठूनसं होकायंत्र आणून ते एका सकाळी गच्चीवर गेले आणि फाटकाला लावून उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटनं त्यांनी गच्चीच्या कोब्यावर एक लांबलचक बाण काढला. मलावीची दिशा. नैऋत्य. बाणाच्या टोकावर उभं राहून बघितलं की समोर पांडवलेण्याचा डोंगर. त्यामुळे मलावी म्हणजे पांडवलेण्याच्या मागे, हे माझ्या डोक्यात जे बसलं ते अजूनही तसंच आहे. हायवेवरचे ट्रक मुंबईकडे जाताना ऐकू यायचे, ते मला सगळे तिकडेच निघालेले वाटायचे.

त्या उन्हाळ्याचे वास अजून नाकात आहेत. रंगाचा, आणि त्या रंगाच्या दोन्ही अंगांना जुन्या साड्यांवर वाळत घातलेल्या कुरडयांचा. आई पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवायची; सोऱ्या दाबून दाबून तिचे तळवे लाल व्हायचे. मी कोपऱ्यात बसून वाटीभर गरम चीक खायचे आणि कावळे हाकलायचे. निफाडहून बेदाणे आले, त्यांचा आंबूसगोड वास फडताळात राहिला. मेतकूट झालं, सांडगे झाले, मावशीला आवडतो तसा लसणीचा तिखट चिवडा आयत्या वेळी करायचा ठरला. आणि लोकर. आपल्या उन्हाळ्यात तिकडे थंडी पडते हे कळल्यापासून आईने विणायला घेतलं होतं. एप्रिलच्या फुफाट्यात, पंख्याखाली घामाघूम होऊन, ती मावशीच्या नवऱ्याचा, आमच्या काकांचा, स्वेटर विणत बसायची. "बघ," बाबा मला म्हणायचे, "तुझी आई अर्धी तिकडे पोचलीसुद्धा."

आणि तिकिटाची तारीख निघाली अमावास्येची.

आईचा चेहरा पडला. बाबा म्हणाले, "विमान काय पंचांग बघून उडतं?" आई म्हणाली, "विमान नसेल बघत. मी बघते." दोन दिवस घरात अबोला. तिढा सोडवला बागूल काकूंनी. त्या वाटीभर साखर न्यायला आल्या, सगळं ऐकलं आणि सहज म्हणाल्या, "मग पस्ताना ठेव ना माय. आधीचा गुरुवार चांगला शे."

आईला नवल वाटलं, की हे आपल्याला कसं सुचलं नाही. पण जायच्या दिशेला घर कुणाचं? आता बाबा, ज्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, ते होकायंत्र घेऊन उत्साहानं गच्चीवर गेले. बाणाच्या रेषेत पांडवलेण्याच्या आधी काय येतं ते त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. काकूंची पाण्याची टाकी. "बागूल वहिनी," ते वरूनच ओरडले, "तुम्हीच आमच्या नैऋत्येला."

गुरुवारी सकाळी आईने लाल खण घेतला. आजोबांनी हरसूलहून पाठवलेल्या तांदळातले मूठभर घेतले. "माहेर म्हणून जातोय आपण, तर तांदूळ माहेरचेच हवेत." दोन सुपाऱ्या, एक तिची, एक बाबांची. हळकुंड. तिच्या रोजच्या साडीच्या काठाचा तुकडा, आणि बाबांचा रुमाल, ज्याला किती धुतला तरी मशीनच्या तेलाचा वास यायचा. मग दोघं नटून निघाले. आईने नऊवारी नाही, पण ठेवणीतली पैठणी नेसली होती. पन्नासेक पावलांवर काकूंचं घर. बाबांनी गाठोडं दोन्ही हातांत धरलं होतं आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. आईने एकदाही मागे बघितलं नाही. काकूंनी औक्षण केलं, कोनाडा पुसून ठेवलाच होता. मग निघालेली माणसं जेवायला घरी परत आली. पण आईने बाबांना पुढच्या दारानं येऊ दिलं नाही. "निघालोय ना आपण," ती म्हणाली, आणि दोघं मागच्या मोरीच्या दारानं आत आले.

मग ते जाणं झालं नाही. का झालं नाही ते सांगत बसत नाही. घराघरात होतं तसंच काहीतरी. दवाखान्याची हिरवी भिंत, थर्मासमधली पेज, आणि विमान नको हे डॉक्टरांचं म्हणणं. तिकिटं परत गेली. कुरडया आम्हीच खाल्ल्या. काकांचा स्वेटर बाबांनी घातला, तो त्यांना बाह्यांत आखूड झाला. महिन्याभरानं काकूंनी हळूच विचारलं, "गठुडं आणून देऊ का?" आई दचकली. "नको. घरी आणलं तर प्रवास मोडतो. राहू दे तिथेच. पुढच्या मेमध्ये उचलू."

पुढच्या मेमध्ये दुसरं काही निघालं. त्याच्या पुढच्या मेमध्ये आणखी काही.

आणि इथे आईनं जे केलं, ते दुसऱ्या कुणाच्या आईनं केलेलं मी ऐकलेलं नाही. तिनं ठरवलं की एक प्रवास उघडा असताना दुसरा सुरू करायचा नाही. झालं. आमचं महाबळेश्वर बंद, कोकण बंद, मैत्रिणी गोव्याला जाऊन काळ्या होऊन यायच्या आणि मी नाशिकात गोरीच्या गोरी. दिवस मावळायच्या आत परत आलं तर तो प्रवास धरायचा नाही, एवढी सूट होती. म्हणून हरसूल चालायचं, निफाड चालायचं, वणीचा गड चालायचा. पुण्याला आतेभावाचं लग्न होतं, तर आम्ही अंधारात निघालो, अक्षता टाकल्या, जेवलो आणि धावत एसटी पकडली. आई खिडकीशी झोपून गेली होती, केसांत अक्षता तशाच. मी चिडून बाबांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना तिला." बाबा म्हणाले, "काय सांगू? आपण मलावीला निघालोय. वाटेत मुक्काम जरा लांबलाय." आमचा तो मुक्काम दहा-बारा वर्षं इंदिरानगरात पडला होता. गल्लीत सगळ्यांना माहीत. दूधवाला कॅन टेकवता टेकवता विचारायचा, "काय वहिनी, पोचल्या नाय का अजून?" आई हसून पातेलं पुढे करायची.

मावशी दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायची. तिच्या बॅगेतून तिकडच्या चहाचा आणि लाकडाचा वेगळाच वास यायचा. येताना कोरीव वाडगे आणायची, भाजलेले शेंगदाणे आणायची. पहिल्याच खेपेला तिनं घराचे फोटो आणले होते. आईने ते पाकीट उघडलंच नाही. "घर असं बघायचं नसतं," ती म्हणाली, आणि पाकीट पालथं करून मावशीच्या पुढ्यात सरकवलं. मावशीनं मुकाट्यानं परत ठेवून दिलं. मग दोघी गच्चीवर बाणावर बसल्या, मधे सुपात शेंगा. आई विचारायची, "चूल कुठल्या अंगाला आहे गं?" मावशी म्हणायची, "नाही सांगणार." "खिडकीतून काय दिसतं तेवढं सांग." "येऊन बघ." उन्हाची तिरीप कलायची, पांडवलेण्याचा डोंगर काळा व्हायचा, आणि त्या दोघी हरसूलच्या बाजारातल्या पोरींसारख्या एकमेकींना चिडवत राहायच्या. मला तो काळ परत हवा आहे. बाकी काही नको.

मग बाबा गेले. अस्थी रामकुंडावर, म्हणजे त्यासाठीसुद्धा आईला नाशिक सोडावं लागलं नाही. मावशीला लगेच येणं जमलं नाही. त्या रविवारी अकराला फोन वाजला तेव्हा मी ओरडले नाही. उठून आईजवळ गेले आणि तिच्या खांद्याला हात लावला. ती उठून आली, रिसीव्हर कानाला लावला, आणि ऐकत राहिली. नुसती खरखर. त्या दिवसापासून मावशीनं ते शेवटचं वाक्य म्हणायचं सोडलं. आई मात्र दर रविवारी ते ऐकायचीच. फोन ठेवल्यावर ती जी थोडा वेळ उभी राहायची, त्यावरून मला कळायचं.

आईचा पासपोर्ट एकही शिक्का न बसता संपला. बाण पावसानं फिका झाला. फोनवरची खरखर वर्षागणिक कमी होत गेली, आणि मग मावशीनंच सांगितलं की काका निवृत्त होताहेत. डिसेंबरात ते दोघं कायमचे परत येणार. घर कारखान्याचं, ते सोडायचं. सगळ्यांना आनंद झाला. आई म्हणाली, "बरं झालं, म्हातारपणी जवळ असेल." मग जरा वेळानं, कुणाला उद्देशून नाही असं: "घर राहिलंच बघायचं."

अशात काकूंचा तो फोन. गाठोडं बघून आल्यावर मी आईला सांगितलं. ती देवापाशी वाती वळत होती. "जाऊन घेऊन ये," ती म्हणाली. "किती वर्षं तिच्या गळ्यात ठेवायचं." मी विचारलं, "घरी आणू?" तिचे हात थांबले. घरी आणू का, म्हणजे मोडू का, हे तिलाही कळलं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, मीच येते."

काकूंच्या रिकाम्या स्वयंपाकघरात ती कोनाड्यासमोर उभी राहिली. काकूंनी खोक्यावर बसकर टाकलं, पण आई बसली नाही. "घरात नेलंस तर मोडलं," काकू म्हणाल्या, "उचलून निघालीस तर झालं. मधलं काही नाही आता. बिल्डर भिंत पाडी ऱ्हायना." म्हणजे पाडतोच आहे.

"एकटी कशी उचलू?" आई म्हणाली. "दोघांचं आहे ते."

हे इतकी वर्षं तिच्या पोटात होतं. मला वाटत होतं की ती घाबरते, विमानाला, परक्या मुलखाला, वयाला. तसं काहीच नव्हतं. तिला बाबांना सोडून पुढे जायचं नव्हतं.

काकू जवळ आल्या. "एकटी कुठं? भाऊ तं कव्हयनाच निघेल शे," त्या म्हणाल्या. भाऊ, म्हणजे बाबा, तर केव्हाचेच निघालेले आहेत. "त्या गुरुवारीच निघाले ना तुम्ही दोघं. मी ओवाळलं. तो माणूस इथं माझ्या कोनाड्यात खोळंबून बसलाय, तू येशील म्हणून."

आईने गाठोडं उचललं. तळहातावर जोखलं. नाकाशी नेलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याच्यात किडे कसे पडले नाहीत? इतक्या वर्षांचे तांदूळ."

काकू खोक्याची दोरी उगाच घट्ट करायला लागल्या. "दर आखाजीला बदलते," त्या म्हणाल्या. आखाजी म्हणजे त्यांच्याकडची अक्षय्य तृतीया. "हरसूलकडची एक बाई तांदूळ घेऊन बसते बाजारात. तिच्याकडूनच घेते, तू माहेरचे म्हणाली होतीस म्हणून. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात. वाटायचं, यंदा तू जाशील. शिळे तांदूळ घेऊन कसं जायचं?"

"आणि गाठ?" मी विचारलं.

"ती शिकायला लय वेळ लागला," काकू म्हणाल्या.

म्हणजे मी आईची म्हणून ओळखलेली गाठ काकूंची होती. आईने ती बोटानं चाचपली. मग गाठोडं पुन्हा कोनाड्यात ठेवलं, सरळ केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पासपोर्टला हल्ली किती दिवस लागतात गं?"

काकूंनी मुलाला सांगितलं, पुण्याला नंतर येते. बिल्डरला सांगितलं, आमचं गठुडं उचललं की पाडा. बिल्डर बिचारा दोनदा येऊन कोनाड्याकडे बघून गेला. खाट, एक पातेलं आणि स्टोव्ह घेऊन काकू त्या उघड्याबोडक्या घरात राहिल्या. आम्ही पासपोर्ट केला, व्हिसा केला, मुंबईला जाऊन आईला लस टोचून आणली आणि अर्थात दिवस मावळायच्या आत परत आलो. आईने पुन्हा कुरडया घातल्या. या वेळी कावळे माझ्या मुलीनं हाकलले.

निघायच्या सकाळी बॅगा गाडीत चढवून आई काकूंकडे गेली. काकूंनी तिच्या तळहातावर दही घातलं. आईने कोनाड्यातून गाठोडं घेतलं, पदराच्या टोकाशी बांधलं आणि पायरी उतरली. तेवढ्यात तिला आठवलं, चष्मा घरी टेबलावर राहिला. घर पन्नास पावलांवर, पण ती वळेना. "राहू दे, सुमाचा लावीन." शेवटी मीच धावत जाऊन आणला; मी कुठे प्रवासाला निघाले होते. गाडी कोपऱ्यावरून हायवेकडे वळली, आमच्या फाटकासमोरून गेली, तरी आई सरळ समोर बघत होती. काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, दह्याची वाटी हातात तशीच. "जाय माय," त्या म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

आई सुखरूप उतरली एवढा काकांचा निरोप आला. ती स्वतः बोलली नव्हती. "रविवारी करीन फोन," असं तिनं जाताना बजावलं होतं. तिच्या हिशेबात मलावीचा फोन रविवारीच यायचा असतो.

रविवारी मी झाडांना पाणी घालायला आईच्या घरी गेले. काकू पुण्याला गेल्या होत्या आणि समोर घणाचे घाव पडत होते. मी गच्चीवर गेले. बाणाचा हिरवा रंग आता फक्त टोकाशी उरलाय. त्याच्यावर उभं राहून बघितलं तर काकूंची टाकी नव्हती, कोनाड्याची भिंतही नव्हती. धुरळा होता, आणि धुरळ्याच्या वर पांडवलेण्याचा डोंगर, मधे काहीच आडवं नसलेला. कुंडीत पाणी घालता घालता मला बाबांचा, एक डोळा मिटून बघणारा चेहरा आठवला, आणि मी तिथेच बसून थोडी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खाली फोन वाजायला लागला. मी जिन्यानं धावत सुटले, ओले हात ओढणीला पुसत. रिसीव्हर उचलला. आता खरखर उरली नाही, पण बोलण्याआधीची एक क्षणाची पोकळी अजून असते. ती ऐकली मात्र, आणि मी रिकाम्या घराकडे तोंड करून ओरडले, "आई, मलावी!"

कुणी आलं नाही.

"ओरडतेस कशाला," कानाशी आई म्हणाली. "मी इथे आहे. खोलीत बसलेय माझ्या. पोचलो आम्ही दोघं." मागे मावशीचं हसणं ऐकू येत होतं, आणि आणखी कसला तरी, एकसारखा येणारा जाणारा आवाज. "घर बघितलं गं. खिडकीतून पाणी दिसतं, लाटा येतात खरंच. मुलगी चांगल्या घरी पडली आपली."